काचेच्या पेटीतील समुद्र

१८४६ साली इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील टॉर्की या गावी लंडनची एक कुलीन स्त्री काही दिवस राहावयास गेली होती. तिचे नाव ॲना थिन. तिचे पती लॉर्ड जॉन थिन हे वेस्टमिन्स्टर ॲबेचे उपडीन होते. समुद्रकाठच्या खडकांच्या कपारीत तिला लहान पेल्याच्या आकाराची प्रवाळे आढळली. ती जिवंत होती. पाण्यात ठेवताच त्यांच्यातून पारदर्शक बोटे बाहेर येत व अन्न शोधीत. ही प्रवाळे लंडनला न्यावी, असे बाईंच्या मनाने घेतले. वाटेत ती एकमेकांवर आपटून फुटू नयेत म्हणून त्यांनी सुईदोरा घेतला, एका मोठ्या स्पंजावर प्रवाळे एकेक करून टाचली आणि तो स्पंज समुद्राच्या पाण्याने भरलेल्या दगडी बरणीत ठेवला. घरी जिवंत प्रवाळ बाळगण्याच्या इतिहासाचा आरंभ अशा रीतीने शिवणकामाच्या पेटीतून झाला.

लंडनमध्ये प्रवाळे काचेच्या भांड्यांत ठेवण्यात आली. प्रारंभी किनाऱ्यावरून एक दिवसाआड ताजे पाणी मागविले जात असे. हा खर्च कोणाही संसारी माणसाच्या डोळ्यांत पाणी आणणारा होता. पुढे पाणी वेळेवर येईना, तेव्हा आहे तेच पाणी पुन्हा ताजे कसे करावे, हा प्रश्न उभा राहिला. ॲनाबाईंनी उघड्या खिडकीपाशी उभे राहून एका भांड्यातले पाणी दुसऱ्या भांड्यात उंचावरून ओतण्याची युक्ती काढली. पाण्याला हवेचा स्पर्श व्हावा, हा हेतू. हे काम रोज अर्धा-पाऊण तास चाले आणि ते करीत असे घरातली एक लहान मोलकरीण. बाईंनी लिहून ठेवले आहे की, या मुलीला त्या कामात गंमत वाटे. हे मत अर्थातच मालकिणीचे आहे. त्या मुलीचे मत कोणी विचारले नाही आणि तिचे नावही मागे राहिले नाही. आज ज्या कामासाठी विजेचा पंप लावतात, ते काम या जगात प्रथम तिच्या मनगटांनी केले.

१८४७ साली बाईंनी समुद्री वनस्पती उगवलेले दगडांचे तुकडे मागवून भांड्यांत ठेवले. वनस्पती प्राणवायू देतील आणि प्राणी तो घेतील, अशी ही योजना होती. ती सफल झाली. प्रवाळे सुमारे तीन वर्षे जगली, त्यांना पिल्लेही झाली. बाईंची टिपणे मात्र १८५९ सालापर्यंत छापली गेली नाहीत. तोवर कीर्ती इतरांच्या वाट्याला गेली होती. स्त्रियांच्या बाबतीत हे नवे नव्हे. सिसिलीतील मेसिना येथे १८३२ साली झान व्हिलप्रू-पॉवर या चांभाराच्या लेकीने कागदी शिंपल्याच्या माखळीचा अभ्यास करण्यासाठी काचेच्या पेट्या बनविल्या होत्या. तिचेही नाव पुढे दीर्घकाळ विस्मृतीत पडले होते.

येथे दोन गोष्टी ध्यानात घेतल्या पाहिजेत. एक म्हणजे, इंग्लंडमध्ये १८४५ साली काचेवरील कर रद्द झाला आणि काच स्वस्त झाली. दुसरी म्हणजे, त्याच सुमारास आगगाडी समुद्रकाठच्या गावांपर्यंत पोहोचली. या दोन गोष्टी नसत्या, तर खाऱ्या पाण्याची काचपेटी हा सरदार-दरकदारांचा शोक होऊन राहिला असता.

पाण्याच्या या कोड्याला शास्त्रीय रूप दिले ते रॉबर्ट वॉरिंग्टन या लंडनच्या रसायनशास्त्रज्ञाने. १८४९ साली त्याने एका काचपात्रात दोन लहान सोनेरी मासे व एक पाणवनस्पती ठेवली. काही दिवस सर्व सुरळीत चालले. मग वनस्पतीची जुनी पाने कुजू लागली, पाणी गढूळ झाले. वॉरिंग्टनने त्यात तळ्यातील काही गोगलगाई सोडल्या. त्यांनी कुजकी पाने खाऊन टाकली, त्यांची अंडी माशांनी खाल्ली आणि पाणी पुन्हा निवळले. मासा, वनस्पती आणि सफाई करणारा प्राणी अशी त्रयी जमली की पाणी बदलावे लागत नाही, असा निष्कर्ष त्याने रसायनशास्त्राच्या नियतकालिकात मांडला. पुढे त्याने हाच प्रयोग समुद्राच्या पाण्यातही केला.

या विषयाला घराघरांत नेले ते फिलिप हेन्री गॉस याने. हा भाविक, परिश्रमी आणि उत्तम चित्रकार असलेला निसर्गशास्त्रज्ञ होता. मे १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मत्स्यगृह उघडले, त्यात त्याने जमविलेल्या प्राण्यांचा मोठा भाग होता. १८५४ साली त्याचे ‘द ॲक्वेरियम’ हे पुस्तक निघाले आणि तो शब्द सर्वांच्या तोंडी बसला.

गॉसची खरी कामगिरी मात्र वाण्याच्या दुकानातली आहे. समुद्रापासून दूर राहणाऱ्या माणसाने काय करावे, असा प्रश्न त्याने स्वतःला विचारला. ब्रायटनजवळच्या समुद्रजलाचे एका रसायनज्ञाने केलेले पृथक्करण त्याच्यापुढे होते. त्यावरून त्याने समुद्र घरी तयार करण्याची कृती बसविली: साडेतीन औंस साधे मीठ, पाव औंस एप्सम सॉल्ट, २०० ग्रेन मॅग्नेशियम क्लोराइड, ४० ग्रेन पोटॅशियम क्लोराइड आणि चार क्वार्टांहून किंचित कमी पाणी. खर्च गॅलनमागे फार तर पाच पेन्स. पाणी गाळून घेतले, आधी त्यात शेवाळ रुजू दिले, मग प्राणी सोडले आणि ते जगले. कमी खर्चात समुद्र बाळगण्याचा पहिला लेखी हिशेब तो हाच.

ज्यांनी गोव्याच्या किंवा उरणच्या बाजूची मिठागरे पाहिली आहेत, त्यांच्या मनात सहज येईल की एवढा खटाटोप कशाला? समुद्राचेच मीठ, ते विहिरीच्या पाण्यात विरघळविले की समुद्र झाला! परंतु तसे होत नाही. उन्हात पाणी आटू लागले म्हणजे चुन्याचे क्षार आधी तळाशी बसतात, त्यानंतर मीठ धरते, आणि मॅग्नेशियमचे क्षार मीठ वेचून घेतल्यावर उरणाऱ्या कडू पाण्यात राहून जातात. मिठागरातील शुभ्र मीठ हा समुद्राचा एक अंश होय, समुद्र नव्हे. गॉसला हे ठाऊक होते. त्याने फक्त एका गोष्टीकडे काणाडोळा केला. पाण्यातील चुन्याचा अंश त्याने कृतीत घेतला नाही. तळाशी टाकलेल्या शिंपल्यांतून तो आपोआप मिळेल, असे त्याला वाटले. ही चूक लहान होती, परंतु ती सुधारण्यास सव्वाशे वर्षे लागली.

गॉसच्या पुस्तकाने इंग्लंडला वेड लावले. दिवाणखान्यात काचपेटी नसणे हे मागासपणाचे लक्षण ठरले. सुटीच्या दिवशी बायका, मुले, पाद्री, शिक्षक, सारे हातोडी-छिन्नी घेऊन किनाऱ्यावर जात आणि समुद्रफुले खडकासकट फोडून आणीत. आणलेल्यांपैकी बहुतेक आठवड्याभरात मरत, पाण्याला दुर्गंधी सुटे आणि पुन्हा नव्यांसाठी मोहीम निघे. ज्या कपारी हजारो वर्षे अस्पर्श होत्या, त्या वीसेक वर्षांत उजाड झाल्या. गॉसचा मुलगा एडमंड याने १९०७ साली प्रसिद्ध केलेल्या आत्मचरित्रात या विध्वंसाचे वर्णन केले आहे. आपल्या पुस्तकामुळेच हे घडले, याची वडिलांना बोच होती, असे तो सांगतो. ज्याने समुद्रावर प्रेम करावयास शिकविले, त्याच्याच शिष्यांनी समुद्र लुटला. गॉसला यासाठी दोषी धरता येईल काय? त्याची कृती अचूक होती आणि हेतूही शुद्ध होता. परंतु प्राणी कोठून आणावा हे त्याने शिकविले तितक्या आग्रहाने, किती आणावा हे शिकविले नाही.

त्या वेडातून टिकाऊ असे काही निपजले असेल, तर ते विल्यम अल्फर्ड लॉइड या दुकानदाराचे शहाणपण. याने लंडनमध्ये काचपेट्या व सागरी प्राणी यांचे दुकान थाटले. ते पुढे चालले नाही. परंतु दुकानात एक गोष्ट त्याला कळली होती: दिसणाऱ्या पेटीपेक्षा न दिसणारे पाणी अधिक महत्त्वाचे. १८७१ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेस येथे त्याने जे मत्स्यालय उभारले, त्यात प्रदर्शनाच्या पेट्यांखाली त्यांच्या कित्येक पट मोठे, अंधारे, थंड असे पाण्याचे टाके होते आणि पंपाच्या साह्याने तेच पाणी अहोरात्र वर-खाली फिरविले जाई. आज घरगुती पेटीच्या खालच्या कपाटात दुसरी साधी टाकी ठेवतात, ती लॉइडच्या टाक्याचीच धाकटी बहीण.

परंतु पाणी निवळ का राहते, हे तोपर्यंत कोणालाच ठाऊक नव्हते. वनस्पती प्राणवायू देते हे खरे. पण माशाच्या मलमूत्रातून निघणारा अमोनिया कोठे जातो? हे विष कोण पचविते? या प्रश्नाचे उत्तर वॉरिंग्टनच्याच घरात जन्मले, हा इतिहासाचा एक मौजेचा योग आहे. बापाने माशांवर प्रयोग आरंभिला तेव्हा अकरा वर्षांचा असलेला त्याचा मुलगा, त्याचेही नाव रॉबर्टच, पुढे रॉथमस्टेड येथील शेतकी प्रयोगशाळेत रसायनज्ञ झाला. १८७७ साली श्लोसिंग व म्युंत्स या फ्रेंच शास्त्रज्ञांनी दाखवून दिले की, मातीत अमोनियाचे नायट्रेट होते ते सूक्ष्म जीवांमुळे. धाकट्या वॉरिंग्टनने या विषयावर अनेक वर्षे खर्ची घातली आणि सिद्ध केले की ही क्रिया दोन टप्प्यांची आहे: एका जातीचे जीव अमोनियाचे नायट्राइट करतात, दुसऱ्या जातीचे त्याचे नायट्रेट. ते जीव वेगळे काढणे मात्र त्याला साधले नाही. ते यश १८९० साली विनोग्राड्स्की या रशियन शास्त्रज्ञाला मिळाले. मुलगा शेतातील खताचा विचार करीत होता. बापाच्या काचपात्रातील गोगलगाईंना जे श्रेय मिळाले होते, त्यातील बराच वाटा खडे, पाने व काच यांवर वाढलेल्या या अदृश्य जीवांचा होता. तो हिशेब जुळविणारा माणूस घरातच होता, परंतु बाप १८६७ सालीच वारला होता.

हे जीव विकत घ्यावे लागत नाहीत. त्यांना वेळ द्यावा लागतो. नव्या पेटीत पाणी भरल्यापासून ते पुरेसे वाढण्यास साधारणतः चार ते सहा आठवडे लागतात. त्याआधी मासे सोडणारा माणूस त्यांना विषात सोडतो. पहिल्या पेटीचे जे नुकसान होते, त्यातील बहुतेक या घाईपायी होते.

उष्ण समुद्रातील प्रवाळांची गोष्ट आणखी निराळी. ॲनाबाईंचे प्रवाळ थंड पाण्यातले, एकेकटे राहणारे. त्याला उन्हाची गरज नव्हती. परंतु ज्या प्रवाळांनी बेटे व बंधारे रचले, त्यांच्या देहात सूक्ष्म शैवाल वसते आणि ते सूर्यप्रकाशावर अन्न तयार करून यजमानाला पोसते. म्हणजे या प्राण्याला ऊनही लागते, निर्मळ पाणीही लागते आणि हाड रचण्यासाठी चुनाही लागतो. १९५६ साली न्यू कॅलेडोनिया बेटावरील नूमेया येथे रने कातला या फ्रेंच शास्त्रज्ञाने मत्स्यालय उघडून जिवंत प्रवाळे लोकांना दाखविली. परंतु त्याच्या दाराशीच समुद्र होता, ताजे पाणी सतत आत खेळविता येत होते. सामान्य माणसाजवळ ते नव्हते. त्या काळी घरगुती पेटीत पांढरीफटक, धुऊन वाळविलेली प्रवाळांची हाडे शोभेसाठी मांडीत आणि त्यांवर शेवाळ धरले की पुन्हा धुऊन काढीत. स्वच्छता म्हणजे निर्जीवता, अशीच समजूत होती.

ती समजूत खोटी ठरविली जाकार्ता येथील ली चिन एंग या गृहस्थाने. फेब्रुवारी १९६१ मध्ये एका अमेरिकन मत्स्यविषयक मासिकात त्याचा लेख आला. त्याची पद्धत ऐकली तर कोणालाही ती पोरकट वाटावी: समुद्राचे पाणी, समुद्रातून आणलेले, जीवजंतूंनी भरलेले ‘जिवंत’ दगड, खिडकीतून येणारा उजेड, आणि एका नळीतून सावकाश निघणारे हवेचे बुडबुडे. गाळणयंत्र नाही, औषध नाही. एवढ्यावर त्याच्या पेट्यांत प्रवाळे, समुद्रफुले आणि मोजके मासे सुखाने नांदत होते. कारण पुढे उमगले. सच्छिद्र दगडाच्या बाह्य भागावरील जीव अमोनियाचे नायट्रेट करतात. दगडाच्या आत, जेथे प्राणवायू पोहोचत नाही, तेथील जीव नायट्रेटचा नत्रवायू करून हवेत सोडून देतात. ज्या घाणीला लोक धुऊन टाकीत होते, तेच त्या पेटीचे यकृत होते. ही पद्धत समुद्रकाठच्या आणि उन्हाळी देशातल्या माणसाला सोयीची होती, हे खरे. थंड देशातील अंधाऱ्या खोलीत ती जशीच्या तशी उतरणे कठीण होते. तरीही मोठ्या प्रयोगशाळांना जे साधत नव्हते, ते एका घरगुती माणसाने बुडबुड्यांच्या नळीवर साधले.

चुन्याचा प्रश्न उरला होता. तो सोडविला पीटर विल्केन्स याने. १९७३ साली निघालेल्या आपल्या जर्मन पुस्तकात त्याने जो उपाय सांगितला, तो आपल्या आजीबाईंच्या बटव्यातला आहे. चुन्याची निवळी! पाण्यात कळीचा चुना कालवावा, साका खाली बसू द्यावा आणि वरचे नितळ पाणी, पेटीतील पाणी उन्हाने वा दिव्याने जेवढे आटते त्याच्या जागी, थेंबथेंब सोडावे. निवळी तीव्र असते. एकदम ओतली तर प्राणी मरतात, म्हणून ती रात्रीच्या वेळी हळूहळू सोडतात. कोकणात शिंपले भाजून चुना करीत आले, त्याच चुन्याने पोवळ्याचे हाड वाढते, ही साधी गोष्ट. गॉसने वगळलेला घटक अशा रीतीने पाण्यात परत आला.

याच सुमारास आणि पुढील काही वर्षांत बर्लिनच्या हौशी मंडळींनी जिवंत दगड, तेजस्वी दिवे, चुन्याची निवळी आणि पाण्यातील चिकट मळ फेसाच्या रूपाने काढून टाकणारी एक नळी, यांची सांगड घातली. ती ‘बर्लिन पद्धत’ म्हणून ओळखली जाते. त्यांच्यापैकी डिट्रिख स्ट्यूबर याच्या पेटीत दगडावरून आलेले शिंगप्रवाळाचे एक लहानसे रोप होते. ते वाढले. त्याने त्याच्या फांद्या तोडून मित्रांना दिल्या, त्या मित्रांनी आपल्या मित्रांना दिल्या. तुळशीचे रोप किंवा जास्वंदीची काडी शेजारी जावी, तसे ते प्रवाळ देशोदेशी गेले. हातोडी-छिन्नीच्या वेडाला शंभर वर्षांनी मिळालेले हे उत्तर होते: समुद्रातून न आणता घरातूनच घरात द्यावे.

त्यानंतर व्यापार आला. १९८६ पासून अमेरिकेत ‘लहान प्रवाळबाग’ या नावाने पेट्या, मनोरे, गाळण्या आणि दिवे यांचा बाजार तेजीत आला. पेटीपेक्षा यंत्रे महाग झाली. यांतील कित्येक यंत्रे उपयुक्त आहेत. परंतु इतिहास पाहिला तर खर्च कोठे करावा आणि कोठे करू नये, हे सहज दिसते. पाणी फिरते ठेवावे; दगड सच्छिद्र असावा; मीठ शास्त्रशुद्ध प्रमाणातले असावे आणि पाण्यातील क्षार हजारी पस्तीस भागांच्या आसपास राहावेत; पेटी फार लहान नसावी, कारण थोडे पाणी लवकर तापते व लवकर बिघडते; मासे थोडे असावेत. गरीब माणसाची पेटी मोडते ती बहुधा यंत्र नसल्यामुळे नव्हे, तर मासे जास्त आणि खाणे उदंड झाल्यामुळे.

आता भारताकडे वळावे. मुंबईस १९५१ साली तारापोरवाला मत्स्यालयाचे उद्घाटन झाले आणि मरीन ड्राइव्हवर समुद्रातील मासे काचेआड पाहण्याची सोय झाली. परंतु त्याहूनही जुना संबंध बडोद्याचा आहे. द्वारकेचा ओखामंडळ हा प्रदेश गायकवाडांच्या राज्यात होता. सयाजीराव महाराजांच्या कारकिर्दीत बडोदे सरकारने जेम्स हॉर्नेल या तज्ज्ञाकडून तेथील सागरी प्राण्यांची पाहणी करवून घेतली. तिचे अहवाल १९०९ व १९१६ साली दोन भागांत निघाले. मोती व शिंपले यांतून राज्याला उत्पन्न होईल काय, हा मूळ हेतू. परंतु त्या निमित्ताने तेथील जीवसृष्टीची व्यवस्थित नोंद झाली. पुढे त्याच कच्छच्या आखातातून प्रवाळांची वाळू सिमेंटसाठी उपसली गेली. बर्लिनमध्ये चुन्याचे प्रवाळ होत होते, तेव्हा येथे प्रवाळांचा चुना होत होता.

१९८२ साली आखातातील काही भाग सागरी राष्ट्रीय उद्यान ठरला. २००१ साली वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत बंधारे रचणारी सर्व प्रवाळे घालण्यात आली. त्या यादीत वाघ आहे, हे सांगितले म्हणजे तिचे वजन कळेल. त्यामुळे भारतीय किनाऱ्यावरून जिवंत प्रवाळ उचलणे हा गुन्हा आहे, मग ते मालवणच्या खडकावरचे असो की कान्होजी आंग्र्यांचे नाव धारण करणाऱ्या, विजयदुर्गापासून शंभराहून अधिक किलोमीटर दूर असलेल्या आंग्रिया बँकेवरचे. येथील हौशी माणसाने भाजलेल्या मातीचे किंवा सिमेंटचे सच्छिद्र दगड वापरावेत. सूक्ष्म जीवांना त्यात काही उणे वाटत नाही. मोजके मासे आणि समुद्री वनस्पती यांवर पेटी उत्तम चालते.

आणि ज्याला प्रवाळच पाहावयाचे आहे, त्याने जामनगरच्या बाजूला नरारा येथे जावे. वनखात्याची परवानगी काढावी लागते. ओहोटी लागली की समुद्र मागे सरतो, घोटाभर पाण्यातून चालत आत जाता येते आणि पायांशी, एखाद्या खळग्यात, पेल्याएवढ्या, ताटाएवढ्या प्रवाळांची बोटे उघडलेली दिसतात. भरतीची वेळ आधी विचारून घ्यावी. पाणी परतते ते फार भराभर.